नकाशा जमिनीचा, मोजमाप आकाशाचं

क्षितिजरेषा

नकाशाचा इतिहास वाचायला घेतला की बहुतेक पुस्तकं जहाजांपासून सुरू होतात. कोलंबस निघाला, वास्को द गामा पोचला, मॅगेलनची उरलेली माणसं पृथ्वीला वळसा घालून परत आली. ही गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सांगायला हवी असं मला बरेच दिवस वाटतंय. जगाचा नकाशा आधी आकाशात मोजला गेला, आणि तो मोजणाऱ्यांपैकी कित्येक जण कधी जहाजावर चढलेही नव्हते. त्यासाठी हा धागा.

कुठलंही गाव नकाशावर बसवायचं तर दोन आकडे लागतात. त्यातला अक्षांश तसा गरीब. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजली, थोडी दुरुस्ती केली, की झालं काम. रात्र नको असेल तर भर दुपारी शंकूची (उभ्या रोवलेल्या काठीची) सावली मोजायची. इ.स.पू. तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिसने याच सावलीवरून पृथ्वीचा घेर काढला. सायीनीत (आजचं अस्वान) सूर्य बरोबर डोक्यावर असतो त्या दिवशी अलेक्झांड्रियात तो ७.२ अंश कललेला असतो, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन शहरांमधलं अंतर ५,००० स्टेडिया (लांबीचं ग्रीक माप) धरलं की घेर अडीच लाख स्टेडिया.

रेखांशाने मात्र माणसाला दोन हजार वर्षं छळलं, कारण रेखांश ही मुळात वेळ आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. दोन ठिकाणच्या स्थानिक वेळेत एका तासाचा फरक असेल तर त्यांच्यात १५ अंशांचं अंतर. पण इथे सूर्य माथ्यावर आला त्या क्षणी शेकडो कोस दूरच्या गावात किती वाजले होते, हे कळायचं कसं? तार नाही, रेडिओ नाही, वाटेत न बिघडणारं घड्याळ नाही.

उत्तर होतं चंद्रग्रहण. चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली खरोखरच चंद्रावर पडते, त्यामुळे ज्यांना ज्यांना चंद्र दिसतो त्या सगळ्यांना ती एकाच क्षणी पडलेली दिसते. सूर्यग्रहणाचं तसं नाही, ते गावागणिक वेगळ्या वेळी लागतं. दोन शहरांत एकेका माणसाने ग्रहण लागल्याची स्थानिक वेळ लिहून ठेवायची आणि नंतर कागद जुळवायचे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात हिपार्कस या ग्रीक ज्योतिर्विदाने ही युक्ती सुचवली.

अलेक्झांड्रियाचा भूगोलज्ञ टॉलेमी इ.स. १५०च्या सुमारास याचं उदाहरण देतो. इ.स.पू. ३३१, २० सप्टेंबर. अलेक्झांडर आणि दारियस यांच्या गौगामेलाच्या लढाईच्या काही दिवस आधीचं ग्रहण. अर्बेलात (आजच्या इराकमधलं एर्बिल) ते रात्रीच्या पाचव्या तासाला दिसलं आणि कार्थेजला (आजच्या ट्युनिशियात) दुसऱ्या तासाला. तीन तास, म्हणजे ४५ अंश. खरा फरक आहे ३४ अंशांहून थोडा कमी, वेळेत सांगायचं तर सव्वादोन तास. युक्ती बिनचूक होती, नोंद कच्ची होती. टॉलेमीच्या नकाशात भूमध्य समुद्र ६२ अंश लांब पसरलाय, प्रत्यक्षात तो ४२च्या आसपास आहे. त्या ताणलेल्या समुद्राने पुढे चौदाशे वर्षं लोकांचा हिशेब चुकवला.

इतर संस्कृतींमध्ये हाच प्रश्न कसा हाताळला गेला? जाणकारांनी भर घालावी.

पिंगळा

वाचनखूण साठवली. फार छान सुरुवात, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

एक शंका. उपाय इतका सोपा होता, वर्षा-दोन वर्षांत एखादं चंद्रग्रहण दिसतंच, मग चारशे-पाचशे वर्षांत सगळी मोठी शहरं नीट का नाही बसवली गेली?

क्षितिजरेषा

@पिंगळा, करायला बसलं की ते सोपं राहत नाही. दोन्हीकडे आभाळ मोकळं हवं, दोन्हीकडे जाणकार माणूस हवा, आणि दोघांनी आधी ठरवलेलं हवं. त्यातून पृथ्वीच्या सावलीची कड धारदार नसते. गडद सावलीभोवती उपच्छायेचा (फिकट सावलीचा) पट्टा असतो, त्यामुळे ग्रहण "लागलं" कधी म्हणायचं यावर शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांचंही काही मिनिटांनी बिनसू शकतं. चार मिनिटांची चूक म्हणजे एक अंश, विषुववृत्तावर १११ किलोमीटर.

शिवाय रात्रीची स्थानिक वेळ काढणं हे वेगळंच काम. एखाद्या ठळक ताऱ्याची उंची मोजून गणित करावं लागतं. पाणघड्याळावर विसंबलं की गडबड झालीच.

गोलाध्यायी

माझ्या आवडीचा विषय निघाला, त्यामुळे लांब लिहितो.

आपल्याकडच्या सिद्धांतग्रंथांत (जुन्या खगोलगणिताच्या ग्रंथांत) रेखांशाच्या या फरकाला देशांतर म्हणतात. मुख्य रेखा लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि मेरू यांतून जाणारी. ही लंका म्हणजे विषुववृत्तावरचा मानलेला बिंदू. सूर्यसिद्धांतात रीत अशी दिलीय: उज्जयिनीच्या रेखेसाठी ग्रहणाची वेळ गणिताने काढा, आपल्या गावी ग्रहण प्रत्यक्ष कधी दिसलं ते पाहा. गणितापेक्षा उशिरा दिसलं तर गाव रेखेच्या पूर्वेला, आधी दिसलं तर पश्चिमेला. दिवसाच्या ६० घटिका, म्हणून एका घटिकेचा फरक म्हणजे ६ अंश. हिपार्कसला दोन निरीक्षक लागतात, इथे एकच पुरतो. दुसऱ्याची जागा गणित घेतं. अर्थात गणित चुकलं तर रेखांशही चुकला.

आता बारकावा बघा. सूर्यसिद्धांत ग्रहणाचा स्पर्श (सावली पहिल्यांदा लागते तो क्षण) घ्यायला सांगत नाही, खग्रास ग्रहणातलं संमीलन (चंद्र पूर्ण झाकला जातो तो क्षण) किंवा उन्मीलन घ्यायला सांगतो. पंचांगात आजही स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष अशा पाच वेळा छापतात. उन्मीलन म्हणजे पूर्ण झाकलेल्या चंद्राची पहिली उजळ कड बाहेर येते तो क्षण. काळवंडलेल्या चंद्रावर ती कड चटकन नजरेत भरते. क्षितिजरेषा यांनी धूसर कडेची जी अडचण सांगितली तीवर हा जुना तोडगा आहे, आणि तो काढणाऱ्याने स्वतः कित्येक ग्रहणं जागून पाहिली असणार याबद्दल मला शंका नाही.

दुसरं म्हणजे वराहमिहिराची पंचसिद्धांतिका, सहावं शतक. त्यात यवनपूर ते अवंती (उज्जयिनी) हे देशांतर ७⅓ नाड्या दिलंय. नाडी म्हणजे घटिकाच. सहाने गुणा, ४४ अंश येतात. यवनपूर म्हणजे अलेक्झांड्रिया असं बहुतेक अभ्यासक मानतात. आजच्या नकाशावर अलेक्झांड्रिया ते उज्जैन हा फरक ४६ अंशांच्या किंचित आत आहे. वाराणसीसाठी दिल्यात ९ नाड्या, म्हणजे ५४ अंश, आणि खरा फरक ५३च्या आसपास. टॉलेमीची अर्बेला-कार्थेजमधली ११ अंशांची चूक याच्याशेजारी ठेवून पाहा.

अक्षांशाचंही सांगतो. आर्यभट म्हणतो की उज्जयिनी लंकेपासून परिघाच्या सोळाव्या भागावर उत्तरेला आहे, म्हणजे २२.५ अंश. उज्जैनचा अक्षांश आज २३.२ अंश मोजला जातो.

दक्षिणायन

वा! म्हणजे हे ज्ञान ग्रीकांच्या आधीपासून आपल्याकडेच होतं. शाळेत मात्र इरॅटोस्थेनिस शिकवतात.

गोलाध्यायी

@दक्षिणायन, नाही. तसा निष्कर्ष निघत नाही आणि कृपया काढू नका. हिपार्कस आर्यभटाच्या सहाशे वर्षं आधीचा. वराहमिहिराने जे पाच सिद्धांत एकत्र केले त्यात रोमक आणि पौलिश आहेत, आणि ते पश्चिमेकडून आलेल्या ज्ञानावर उभे आहेत हे तो लपवत नाही. यवनपुराचं अंतर इतकं नेमकं मिळालं तेही दोन्हीकडचे लोक एकमेकांचे ग्रंथ वाचत होते म्हणूनच. मला त्याचा अभिमान वाटतो तो या देवाणघेवाणीचाच.

पुढे आठव्या शतकात हे सिद्धांत बगदादला गेले, खलीफा अल-मन्सूरच्या दरबारात त्यांचं अरबी रूप तयार झालं. उज्जयिनीची रेखाही सोबत गेली आणि अरबी भूगोलात जगाचा मध्य म्हणून स्थिरावली.

निशिगंध

बगदादचा विषय निघालाच आहे तर अल-बिरूनीला आणायलाच हवं.

२४ मे ९९७. चंद्रग्रहण. मध्य आशियातल्या ख्वारिझममधल्या काथ शहरात तेविशीतला बिरूनी, आणि बगदादमध्ये वयाने कितीतरी मोठा, नावाजलेला गणिती अबुल वफा. दोघांनी आधी ठरवून एकाच ग्रहणाची वेळ घेतली आणि मग आकडे जुळवले. फरक साधारण तासाभराचा निघाला, आणि तो बराचसा बरोबर आहे. हिपार्कसने सुचवलेला प्रयोग अकराशे वर्षांनी दोन माणसांनी ठरवून पार पाडला, ही घटना मला फार मोठी वाटते.

त्याच्या दीडशे वर्षं आधी खलीफा अल-मामूनच्या लोकांनी सिंजारच्या मैदानात उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे चालत जाऊन, ध्रुवाची उंची एक अंशाने बदलेपर्यंतचं अंतर मोजलं होतं: ५६⅔ मैल. बिरूनीला तशी मोहीम परवडणारी नव्हती. तो आजच्या पाकिस्तानातल्या पंजाबात नंदना किल्ल्यापाशी होता. त्याने शेजारच्या डोंगराची उंची मोजली, ६५२ हात. मग माथ्यावर चढून क्षितिज किती खाली झुकलेलं दिसतं ते मोजलं, ३४ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). अर्ध्या अंशाहून जेमतेम जास्त. या दोन आकड्यांवरून त्रिकोणमितीने थेट पृथ्वीची त्रिज्या.

इतक्या लहान कोनात एका कलेची चूक झाली तरी त्रिज्या सहा टक्क्यांनी बदलते, आणि क्षितिजाजवळची हवा प्रकाश वाकवते ते वेगळंच. त्यामुळे त्याचं उत्तर आधुनिक आकड्याच्या किती जवळ होतं यावर जे लेख फिरतात त्यांवर मी फारशी विसंबत नाही. त्याचा प्रामाणिकपणा मात्र पाहण्यासारखा आहे. आपला आकडा मामूनच्या लोकांशी जवळपास जुळतो, पण त्यांची साधनं अधिक बारीक होती म्हणून त्यांचाच आकडा घ्यावा, असं तो स्वतः लिहितो.

लोहचुंबक

चीन राहिलाच. तिथे एक जुनं गृहीतक होतं: उत्तर-दक्षिण हजार ली (अंतराचं चिनी माप) गेलं की आठ छी (चिनी फूट) उंचीच्या शंकूची सावली एक त्सुनने (छीच्या दहाव्या भागाने) बदलते. कित्येक शतकं कुणी ते तपासलं नाही. तांग काळात, इ.स. ७२४ मध्ये, यी शिंग नावाच्या बौद्ध भिक्षू-ज्योतिर्विदाच्या आखणीनुसार आजच्या व्हिएतनामपासून उत्तरेच्या गवताळ प्रदेशापर्यंत ठिकठिकाणी सावल्या मोजल्या गेल्या. त्यातल्या चार जागा एका रेषेत, सपाट प्रदेशात होत्या आणि त्यांच्यातलं अंतर जमिनीवर मोजलं होतं. पाचशेच्या थोड्या वर ली अंतरातच सावली दोन त्सुनांहून जास्त सरकली. गृहीतक कोसळलं. ध्रुवाच्या उंचीत एका अंशाच्या फरकाला ३५१ ली ८० पावलं, असा आकडा यी शिंगने काढला.

इथून पृथ्वीच्या गोलाकारापर्यंत एकच पाऊल होतं, पण ते तिथे टाकलं गेलं नाही. मोजमाप हातात असलं तरी ते कशात बसवायचं ही कल्पनाही लागते. उलट जमिनीच्या नकाशात ते पुढे होते. ११३६ साली दगडावर कोरलेला चीनचा एक नकाशा शीआनला आहे. त्यावर चौकटी आखल्यात, एक चौकट म्हणजे १०० ली. नद्यांची वळणं पाहून थक्क व्हायला होतं.

दर्यावर्दी

सगळं वाचलं, पण मूळ मांडणीशी मी सहमत नाही. रेखांशाशिवाय माणसं अडून बसली होती असं चित्र उभं राहतंय. समुद्रावरची माणसं अजिबात अडली नव्हती.

अरबी नाखवे कमाल वापरायचे. लहानशी लाकडी फळी, मधून ओवलेली दोरी, दोरीला गाठी. गाठ दातात धरायची, दोरी ताठ करायची, फळीची खालची कड क्षितिजावर टेकवायची आणि ध्रुवतारा वरच्या कडेला लागतो का पाहायचं. ओळखीच्या बंदराची एकेक गाठ. तारा आणि कड जुळली की बंदराच्या अक्षांशावर आलात, मग सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला वळायचं. इब्न माजिदने पंधराव्या शतकाच्या अखेरीस ही सगळी विद्या लिहून काढली, ताऱ्यांची उंची इसबा म्हणजे बोटांत मोजून. चेंग होच्या चिनी ताफ्याच्या आराखड्यांतही बोटांचंच माप आहे. वास्को द गामाला १४९८ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीहून कालिकतला नेणारा वाटाड्या याच परंपरेतला होता. "शोध" ज्या वाटेचा लागला असं म्हणतात, ती वाट त्याच्या रोजच्या वहिवाटीतली.

आणि पॅसिफिक तर पूर्ण वेगळं जग. कॅरोलाइन बेटांवरचे नाविक होडी स्थिर आहे असं धरतात आणि बेटं सरकतात! वाटेच्या बाजूला, क्षितिजापलीकडे असलेलं एक ओळखीचं बेट निवडायचं. ते एकेका ताऱ्याच्या उदयबिंदूखालून मागे सरकत जातं. ते कुठल्या ताऱ्याखाली आलं यावरून प्रवास किती झाला ते कळतं. या पद्धतीला एताक म्हणतात. सातावल बेटाचा माउ पियाइलुग १९७६ मध्ये होकुलेआ ही जोडहोडी याच विद्येवर हवाईहून ताहितीला घेऊन गेला. चार हजार किलोमीटर, एकही उपकरण नाही. मार्शल बेटांवर काड्यांचे नकाशे करायचे. काड्या म्हणजे लाटांच्या दिशा, शिंपले म्हणजे बेटं. ते किनाऱ्यावर पाठ करायचे, समुद्रावर न्यायचे नाहीत.

१७६९ मध्ये ताहितीहून ब्रिटिश कप्तान कुकच्या जहाजावर चढलेल्या तुपाइया या तिथल्या नाविकाने ७४ बेटांचा नकाशा काढून दिला. युरोपीय पद्धतीने वाचला तर तो जुळत नाही, म्हणून दोनशे वर्षं त्याला गोंधळलेला म्हटलं गेलं. आता काही संशोधक दाखवतात की त्यात उत्तर वरच्या कडेला नसून मध्यभागी आहे, आणि प्रत्येक बेटाची दिशा निघण्याच्या बेटापासून वाचायची आहे. अक्षांश-रेखांशाची जाळी हा नकाशाचा एक प्रकार आहे, एकमेव नाही.

क्षितिजरेषा

@दर्यावर्दी, या प्रतिसादाने धाग्याला उंची दिली. तरी माझा मुद्दा मी सोडत नाही. एताकमध्येही बेटाची जागा ताऱ्याच्या उदयबिंदूवरूनच ठरते, म्हणजे मोजपट्टी पुन्हा आकाशच. फरक हा की ती विद्या त्या माणसाबरोबर प्रवास करते. अलेक्झांड्रिया आणि उज्जैन यांच्यातलं अंतर तिथे कधीच न गेलेल्या माणसाला कळायचं असेल, तर आकडाच लागतो.

रेवाकाठ

अवांतर वाटेल, पण उज्जैनचा धागा थेट कोलंबसपर्यंत जातो.

गोलाध्यायी यांनी सांगितलेली अरबी ग्रंथांतली उज्जयिनी लॅटिनमध्ये अरीन या नावाने गेली. ती पिएर दाय्यी या फ्रेंच धर्मपंडिताच्या भूगोलात आहे, आणि कोलंबसने समासात टिपणं केलेली त्या पुस्तकाची प्रत सेव्हिलला जपून ठेवलीय. १४९८च्या तिसऱ्या सफरीवरच्या पत्रात तो अरीनचा उल्लेखही करतो.

निशिगंध यांनी दिलेला ५६⅔ मैलांचा आकडाही त्याच्याकडे होता. पण तो अरबी मैल त्याने लहान रोमन मैल समजून घेतला. पृथ्वी एकदम चतुर्थांशाने आक्रसली. वर टॉलेमीचा ताणलेला पूर्व-पश्चिम विस्तार. कॅनरी बेटांपासून जपान २,४०० सागरी मैलांवर आहे अशी त्याची खात्री झाली. खरं अंतर दहा हजारांच्या पुढे.

२९ फेब्रुवारी १५०४चं चंद्रग्रहण प्रसिद्ध आहे. जमैकात अडकलेल्या कोलंबसने पंचांगात ग्रहण पाहून तिथल्या रहिवाशांना भीती घातली आणि अन्न मिळवलं. ही गोष्ट चातुर्याची म्हणून मुलांना सांगतात, मला ती वाचवत नाही. ज्यांनी त्याला आठ महिने खाऊ घातलं त्यांनाच धमकावलं होतं. त्याच रात्री त्याने रेखांशही मोजला: स्पेनमधल्या कादिझपासून ७ तास १५ मिनिटं. खरा फरक पावणेपाच तासांचा. अडीच तास चुकल्यावर जमैका जवळजवळ ३८ अंश पश्चिमेला गेलं.

पिंगळा

बापरे, मग शेवटी सुटला कसा हा प्रश्न?

लोहचुंबक

@पिंगळा, जमिनीवर आधी सुटला. गॅलिलिओला १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र दिसले. ते सतत गुरूच्या सावलीत जातात आणि बाहेर येतात. ग्रहणासाठी महिनोन् महिने थांबायला नको, जवळजवळ रोज रात्री घड्याळ हजर. ज्योतिर्विद कासिनीने १६६८ मध्ये त्यांची कोष्टकं छापली, आणि त्या जोरावर फ्रान्सचा नवा नकाशा झाला तेव्हा देशाचा पश्चिम किनारा बराच आत सरकला.

हलत्या जहाजावर मात्र दुर्बिणीत गुरू ठरत नाही. ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये अर्ध्या अंशाच्या अचूकतेसाठी २०,००० पौंडांचं बक्षीस लावलं. जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने बनवलेलं चौथं घड्याळ १७६१-६२ मध्ये जमैकाला गेलं. त्याची रोजची ठरलेली चूक वजा केल्यावर ते अवघं पाच सेकंद मागे पडलं होतं. त्याच काळात जर्मन ज्योतिर्विद टोबियास मायरच्या कोष्टकांमुळे चंद्राचं ताऱ्यांपासूनचं अंतर मोजून वेळ काढणंही जमू लागलं. घड्याळं महाग होती, त्यामुळे बरीच वर्षं खलाशांचा आधार चंद्रच होता.

जाता जाता एक: १६७२ मध्ये झाँ रिशे दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला लंबकाचं घड्याळ घेऊन गेला. ते दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. लंबक जवळजवळ तीन मिलिमीटरने आखूड करावा लागला. विषुववृत्ताजवळ गुरुत्व कमी आहे, पृथ्वी मध्यावर फुगलेली आहे, हे न्यूटनने अशा नोंदींवरून मांडलं.

हिमपक्षी

इतकं सगळं झाल्यावरही पायी मोजलेला एक नकाशा आहे. नैनसिंह रावत, कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचे शाळामास्तर. तिबेटमध्ये परक्यांना बंदी, म्हणून इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याने त्यांना डेहराडूनला शिकवून यात्रेकरूच्या वेशात १८६५ मध्ये पाठवलं. जपमाळ १०८ मण्यांची असते, त्यांची होती १०० मण्यांची. दर शंभर पावलांना एक मणी. पाऊल सरावाने एकसारखं केलेलं, सुमारे दोन हजार पावलांना एक मैल. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद आणि होकायंत्र. सेक्स्टंटसाठी (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र) कृत्रिम क्षितिज म्हणजे पाऱ्याचा सपाट आरसा लागतो, त्याचा पारा कवड्यांत भरून नेलेला. उंचीसाठी पाणी किती तापमानाला उकळतं ते पाहायचं.

मला प्रश्न पडतो तो रेखांशाचा. ल्हासाचा रेखांश त्यांनी कसा काढला?

क्षितिजरेषा

@हिमपक्षी, अक्षांश त्यांनी सूर्य आणि तारे पाहून काढले, आणि ल्हासाचा अक्षांश अगदी नेमका आला. रेखांशाचा मुख्य भरवसा मात्र त्या मण्यांवरच होता. प्रत्येक टप्प्याची दिशा होकायंत्राने, लांबी पावलांनी, आणि मध्येमध्ये काढलेल्या अक्षांशांशी जुळवून घेत ती साखळी ल्हासापर्यंत नेली. पूर्वेकडे सरकलेलं अंतर त्यातून आलं. सुमारे १,२०० मैलांची वाट, आणि कुणाच्या लक्षात आलं असतं तर जिवावर बेतलं असतं.

हा नकाशा साम्राज्याच्या कामाचा होता, हेही सोबत लिहायला हवं. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. त्याआधी जगातलं सर्वोच्च शिखर गणिताने ओळखणारे राधानाथ सिकदार याच खात्यात गणनेचं काम करत होते, पण शिखराला नाव मिळालं ते माजी सर्व्हेअर जनरल एव्हरेस्टचं.

गोलाध्यायी

सवाई जयसिंहाच्या वेधशाळा आणि समरकंदची उलुग बेगची वेधशाळा इथे कुणी घेतल्याच नाहीत. दगडी यंत्रांवर मी स्वतंत्र धागा काढतो. @निशिगंध, समरकंदचा भाग तुम्ही लिहाल का?

निशिगंध

लिहिते. १४३७च्या तारासूचीपासून सुरुवात करू.